शेवटच्या महिन्याचं पाणी

सांवेरजवळच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देतो. त्यांची जमीन खोल काळी आहे. विहिरीला जानेवारीत तळ दिसतो, म्हणजे पलेवा (पेरणीआधीचं पाणी) करून पेरल्यावर गव्हाला एक, फार तर दोन पाणी मिळतात. आजोबा त्याच शेतात नुसत्या ओलीवर कठिया (ड्युरम) गहू काढायचे. आता बियाण्याच्या दुकानात त्यांना सांगितलं गेलं की अमुक वाणात 'दुष्काळ सोसणारं जनुक' आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: असं जनुक खरंच असतं का, ते झाडात नेमकं काय करतं, आणि वाण निवडायचा तर कशावरून.

मी इंदुरात तीस वर्षांहून जास्त काळ गव्हाच्या पैदाशीचं काम केलं आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, पण प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येतं. एकटं असं जनुक नसतं. पाण्याच्या ताणाशी संबंध असलेली जनुकं शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचा परिणाम एका शेतात फायद्याचा, तर दुसऱ्या मुलखात तोट्याचा निघतो. असं का होतं ते कळायला 'दुष्काळ' हा शब्द आधी उकलावा लागतो.

राजस्थानच्या कोरड्या भागात बाजरीला ताण मधूनच गाठतो. पाऊस येतो, वीस दिवस दडी मारतो, पुन्हा येतो. तिथे फुटवे पुढेमागे काढणारं झाड तगतं, कारण एका फुटव्याचं कणीस वाळलं तरी दुसरं दाणा धरतं. नाहीतर एचएचबी ६७ सारखा संकर चालतो, जो ६५ दिवसांच्या आत-बाहेर पिकतो आणि ताण वाढायच्या आधीच शेत मोकळं करतो. पूर्व भारतातल्या उंचवट्यावरच्या भातात पावसाचा खंड बऱ्याचदा पीक निसवण्याच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या, सुमाराला पडतो. आपल्या माळव्यातला गहू निराळ्याच रीतीने तहानतो. सोयाबीन निघतं तेव्हा जमीन पावसाने भरलेली असते. पुढे आभाळाचा भरवसा नाही, मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, पडला तर पडला. काळ्या मातीच्या मीटरभर थरात पिकाला ओढून घेता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं, आणि गव्हाला चार महिने त्यावर काढायचे असतात. वर्षाचं धान्य एकदाच कणगीत भरून ठेवणाऱ्या घरासारखा हा संसार आहे. ताण इथे शेवटी येतो, दाणा भरताना, आणि मार्चच्या उन्हाला सोबत घेऊन येतो.

म्हणून आपल्यासाठी खरा प्रश्न असा होतो: झाड हे साठ्यातलं पाणी किती घेतं, आणि कधी घेतं?

ऑस्ट्रेलियाचे जॉन पॅसिउरा यांनी १९७७ मध्ये हा विचार एका साध्या गुणाकारात बसवला. झाडातून गेलेलं पाणी, दर थेंबामागे झाडाने बनवलेला शुष्क पदार्थ, आणि त्या शुष्क पदार्थातला दाण्याचा वाटा. या तिघांचा गुणाकार म्हणजे उतारा. मला हे समीकरण इतकं उपयोगी पडलं आहे, की कुणी नवं जनुक किंवा नवा गुण घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारतो: हा या तिघांपैकी कुणाला वाढवतो? तिघांनाही न वाढवणारा गुण कुंडीत कितीही चमत्कार दाखवो, शेतात पोतं भरत नाही.

आता शेवटच्या महिन्यातल्या पाण्याची किंमत सांगतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच जॉन किर्केगार्ड आणि सहकाऱ्यांनी शेतात मोजलेला आकडा प्रसिद्ध केला. गव्हाने फुलोऱ्यानंतर जमिनीच्या १.३५ ते १.८५ मीटर खोलीतून अवघं १०.५ मिलिमीटर जास्तीचं पाणी घेतलं, आणि हेक्टरी ०.६२ टन दाणा जास्त मिळाला. म्हणजे मिलिमीटरमागे ५९ किलो. हंगामभराच्या पाण्याचा हिशेब केला, तर मिलिमीटरमागे मिळणारा दाणा याच्या निम्माही नसतो. कारण उघड आहे. सुरुवातीचं पाणी पानं, काड, मुळं आणि उघड्या जमिनीतली वाफ यांत वाटलं जातं. फुलोऱ्यानंतरचं पाणी जवळजवळ सगळं दाण्यात उतरतं.

हा आकडा वाचण्याच्या बऱ्याच आधी मी तो डोळ्यांनी पाहिला होता, फक्त मला त्याचा अर्थ लागला नव्हता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत देपालपूरकडच्या एका शेतात आमची चाचणी होती. जानेवारीत एक ओळ अशी फोफावली होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. फुटवे भरघोस, पान रुंद, जमीन दिसेना. मी वहीत तिच्यासमोर दोन खुणा केल्या. शेजारी एका जुन्या कठियाची विरळ, लाजरी ओळ उभी होती. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात फोफावलेली ओळ पंधरा दिवसांत वरून खाली वाळली. ओंब्या मोठ्या, पण आत दाणा चपटा, सुरकुतलेला, चिमटीत धरला तर कडा टोचणारा. जुन्या कठियाच्या ओंब्या लहान होत्या, पण दाणा काचेसारखा भरलेला.

शेतमालकांनीच सुचवलं, खोदून बघू. दोन ओळींच्या मधे पाच फुटांचा खड्डा घेतला. काळ्या मातीत खाली गेलं की तिरपी, घासून चकचकीत झालेली पृष्ठं लागतात. माती फुगते-आकसते तेव्हा ढेकळं एकमेकांवर सरकतात, त्याची ती खूण. त्या पृष्ठांवर मुळं चपटी होऊन चिकटलेली दिसतात, पुस्तकात दाबून ठेवलेल्या पानासारखी. फोफावलेल्या ओळीची मुळं अडीच फुटांवर जवळजवळ संपली होती. कठियाची चार फुटांच्या खालीही सापडत होती, बारीक, पण पांढरी आणि जिवंत. मालकांनी साडेचार फुटांवरची मूठभर माती उचलून दाबली. तिचा लाडू वळला. वर गहू वाळून चालला होता आणि खाली ओल तशीच पडून होती. त्या दिवसापासून मी जानेवारीतल्या हिरवेपणावर खूण करणं सोडलं.

इंदूरला या विचाराची जुनी परंपराही आहे. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथे आले आणि १९३१ पर्यंत त्यांनी इथली वनस्पती उद्योग संस्था चालवली. जग त्यांना 'इंदूर पद्धती'च्या कंपोस्टसाठी ओळखतं. पण त्याच्या आधीपासून ते आणि गॅब्रिएल हॉवर्ड पिकांची मुळं धुऊन, उकलून बघत होते. गंगेच्या गाळातल्या जवसाची मुळं उथळ आणि काळ्या मातीतल्या जवसाची खोल असतात, हे त्यांनी नोंदवलं होतं. पीक आणि माती यांची जोडी मुळात जुळते, ही समज त्यातूनच पुढे आली.

आता दुसरा प्रश्न, झाडात काय घडतं. फेब्रुवारीत दुपारी दोन वाजता शेतात उभं राहून बघा. पान दोन्ही कडांनी आत वळायला लागतं. त्याच्या आधीच एक गोष्ट झालेली असते, जी डोळ्यांना दिसत नाही. जमीन सुकायला लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. पानावरच्या प्रत्येक रंध्राला दोन रक्षकपेशी असतात. या संप्रेरकाला धरणारी ग्राहक प्रथिनं २००९ मध्ये सापडली आणि मग सगळी साखळी उलगडली. एरवी एक विकर (एन्झाइम) पुढच्या साखळीवर लगाम धरून बसलेलं असतं. संप्रेरक ग्राहकाला बिलगलं की तो लगाम सुटतो, रक्षकपेशीतले क्षारांचे मार्ग उघडतात, क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी बाहेर पडतं, पेशी ढिल्या होतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचलं. पण त्याच रंध्रातून कार्बन डायऑक्साइड आत येत असतो. दार बंद म्हणजे स्वयंपाकही बंद. शिवाय पानाला गार ठेवणारी वाफ थांबल्याने पान तापतं. दुपारी हातातल्या तापमापक बंदुकीने दोन वाण मोजले, तर ज्याची मुळं खोल पाण्यापर्यंत पोचली आहेत त्याचा पर्णसंभार थंड लागतो. हे मी आजही सगळ्यात विश्वासाचं आणि स्वस्त मोजमाप मानतो. फक्त ते निरभ्र, वारा पडलेल्या दुपारी घ्यावं.

बारीक गोष्ट अशी की दार किती बंद करायचं यापेक्षा कोणत्या वेळी बंद करायचं याला मोल आहे. सकाळी हवा दमट आणि गार असते, तेव्हा थोडं पाणी देऊन बराच कार्बन मिळतो. दुपारी कोरड्या हवेत तेवढ्याच कार्बनला दुप्पट-तिप्पट पाणी मोजावं लागतं. काही बाजरी आणि ज्वारीची झाडं जमीन ओली असतानाही दुपारच्या कोरड्या हवेत रंध्रं थोडी आखडतात. हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत दोन मीटर लांबीच्या, मातीने भरलेल्या नळ्यांत झाडं वाढवून त्यांचं वजन सतत घेतात. कोणतं झाड किती पाणी कोणत्या आठवड्यात वापरतं ते त्यातून दिसतं. फुलोऱ्याआधी काटकसर करून दाणा भरायला पाणी राखणारी झाडं शेवटच्या ताणात पुढे निघतात, हे त्या कामातून फार स्वच्छ दिसलं. देपालपूरच्या खड्ड्यातल्या गोष्टीची ती दुसरी बाजू.

पण ताण थोडा आधी आला, पोटरीत, तर हानी वेगळ्या जागी होते. ओंबी अजून पानाच्या आवरणात असते आणि परागकोशात पेशी विभागून पराग तयार होत असतात. त्या आठ-दहा दिवसांत पाणी तुटलं की परागकोशात साखर उतरवणारं विकर मंदावतं, परागांत पिष्ट साठत नाही आणि ते वांझ निघतात. पुढे पाणी दिलं तरी ती जागा रिकामीच राहते. ओंबी उजेडात धरली तर मधले कप्पे पोकळ दिसतात. पुष्कळ शेतकरी याला रोग समजून फवारणी करतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण खर्च होतो आणि हाती काही येत नाही.

दाणा भरतानाचा एक आधार खोडात असतो. गहू फुलोऱ्यापर्यंत जास्तीची साखर फ्रुक्टान म्हणून खोडात साठवतो. पानं वाळली, रंध्रं मिटली, की ती साखर विरघळून ओंबीकडे जाते. चांगल्या पाण्यात दाण्यातला थोडाच भाग या साठ्यातून येतो, ताणात हा वाटा कितीतरी वाढतो. काही वाण हा साठा शेवटपर्यंत ओततात, तर काही खोडात तसाच ठेवून वाळतात. कापणीला खोड चावून बघायची जुन्या लोकांची सवय होती. गोडसर लागलं तर माल खोडातच राहिला, असं ते म्हणत. आम्ही प्रयोगशाळेत महागडी यंत्रं लावून त्याहून फार वेगळं काही सांगत नव्हतो.

इथे एक मत ठामपणे मांडतो. प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल ताणात वाढतं, आणि ते जास्त असलेला वाण दुष्काळ सोसतो असं सांगणारे असंख्य प्रबंध मी तपासले आहेत. बहुतेक वेळा प्रोलिन हे झाड किती हैराण आहे त्याचं मोजमाप असतं, ताप मोजल्यासारखं. खोल मुळांच्या झाडाला मुळात ताणच कमी बसतो, म्हणून त्यात प्रोलिनही कमी निघतं. पेशीत क्षार-साखरा साठवून पाणी धरून ठेवण्याचा गुण मात्र खरा आहे. जे. एम. मॉर्गन यांनी गव्हाच्या ७ए गुणसूत्रावर त्याचं एक मोठं जनुक दाखवलं होतं, आणि मुळांची टोकं कोरड्या मातीतही वाढती राहायला तो उपयोगी पडतो. कुंडीत वीस दिवस पाणी तोडून 'कोण जगलं' हे बघण्याच्या चाचणीवरही माझा विश्वास नाही. कुंडीत लहान, मंद वाढणारं झाड जगतं, कारण ते पाणीच कमी पितं. शेतकऱ्याला जिवंत झाड नको असतं, दाणा हवा असतो.

तर जनुकं. भातापासून सुरू करतो, कारण तिथे गोष्ट सगळ्यात स्वच्छ आहे. २०१३ मध्ये जपानच्या युसाकू उगा आणि सहकाऱ्यांनी डीआरओ१ हे जनुक जाहीर केलं. फिलिपिन्समधल्या किनांदांग पातोंग या डोंगरी भाताची मुळं सरळ खाली जातात, तर आयआर ६४ या भाताच्या वाणाची आडवी पसरतात. डोंगरी भातातलं जनुक आयआर ६४ मध्ये आणलं, तर मुळांचा कोन बदलला, मुळं खोल गेली आणि कोरड्या शेतात उतारा टिकला. पैदासकाराला असं काम बघून आनंद होतो, कारण जनुक, त्याचं काम आणि शेतातला फायदा हे तिन्ही दुवे जुळलेले आहेत. भातातच क्यूडीटीवाय नावाने ओळखले जाणारे गुणसूत्रांचे तुकडे थेट ताणातल्या उताऱ्यावरून शोधले गेले, आणि ते लोकप्रिय वाणांत घालून डीआरआर धान ४२ सारखे वाण निघाले. २०१० चा सहभागी धान त्याच्या आधीचा. त्यात असा तुकडा मुद्दाम घातलेला नव्हता, ताणाच्या शेतात उतारा बघत केलेल्या निवडीतूनच तो आला.

ज्वारीची गोष्ट माळव्यातल्या आपल्या मराठी लोकांना जवळची वाटेल. आपल्यापैकी पुष्कळांचं सोयरं-धायरं सोलापूर-नगरकडे आहे, तिथली मालदांडी रब्बीत नुसत्या ओलीवर येते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेली एम ३५-१ हीच ती, आणि इतकी दशकं उलटली तरी ती शेतातून गेली नाही. ज्वारीत 'हिरवं राहण्या'चा गुण खूप अभ्यासला गेला. इथियोपियाच्या ज्वारीतून आलेल्या बी ३५ या ओळीत त्याचे एसटीजी१ ते एसटीजी४ असे चार मोठे तुकडे सापडले. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की ही जनुकं पानातलं हरितद्रव्य टिकवतात. पुढे ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू बोरेल यांच्या गटाने दाखवलं की पान हिरवं राहणं हे फळ आहे, मूळ कारण महिनाभर आधीचं आहे. ही झाडं फुटवे कमी काढतात, फुलोऱ्याच्या वेळी पानांचा पसारा आटोपशीर ठेवतात, त्यामुळे जमिनीत पाणी उरतं, आणि मग शेवटी पान हिरवं राहतं. हे वाचलं तेव्हा मला देपालपूरची ती लाजरी कठियाची ओळ आठवली.

गव्हात मात्र कुणीही 'हे बघा जनुक' म्हणून बोट दाखवू शकत नाही, याला कारणं आहेत. चपातीच्या गव्हात तीन पूर्वजांचे तीन संच, ४२ गुणसूत्रं आणि सुमारे १६ अब्ज अक्षरांचा जीनोम आहे, भाताच्या चाळीसपट. त्याचा पूर्ण नकाशा २०१८ मध्ये आला, आणि त्यात एक लाखाहून जास्त जनुकं मोजली गेली. एका संचातलं जनुक बदललं तरी बाकीचे दोन संच त्याचं काम सांभाळून घेतात, म्हणून परिणाम झाकला जातो. कठियात दोनच संच, २८ गुणसूत्रं. आणि ताणातला उतारा हा गुणच असा, की पन्नास लहान जनुकं प्रत्येकी चिमूटभर वाटा देतात आणि पाऊस बदलला की वाटे बदलतात.

तरीही तुमच्या आजोबांच्या कठियाबद्दल एक ठोस गोष्ट सांगता येते. हरितक्रांतीच्या बुटक्या वाणांत जपानच्या नोरिन १० कडून आलेली दोन जनुकं आहेत, ४बी आणि ४डी या गुणसूत्रांवरची. ती झाडाला जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाकडे दुर्लक्ष करायला लावतात. झाड बुटकं होतं, लोळत नाही, खत-पाणी पचवतं. या जनुकांनी देशाचं पोट भरलं, हे विसरता येणार नाही. पण त्यांच्यासोबत अंकुराचं आवरणही आखूड झालं. पाभरीने बी चार इंच खोल, ओलीत सोडायची जुनी रीत होती. उंच वाणांचा कोंब तेवढ्या खोलीतून वर यायचा. बुटक्या वाणांचं बी तिथे टाकलं तर कोंब आवरणातून बाहेर पडून मातीखालीच घड्या घालत राहतो. म्हणून दोन इंचांवर पेरायचं, आणि ऑक्टोबरअखेर वरचे दोन इंच कोरडे असले की आधी पाणी द्यायचं. आजोबांना पलेवा लागत नव्हता, त्यांच्या बियाण्याला तो नकोच होता. यावर उपाय शोधला जातो आहे. ६ए गुणसूत्रावरचं आरएचटी१८ हे जनुक कठियाच्याच एका उत्परिवर्तित वाणात सापडलं. ते झाड बुटकं करतं, पण आवरण आखूड करत नाही. कोरडवाहू गव्हासाठी मला सगळ्यात जास्त आशा याच प्रकारच्या कामाकडून आहे.

ऑस्ट्रेलियात रिचर्ड्स आणि पॅसिउरा यांनी गव्हाच्या बियातून पहिल्यांदा फुटणाऱ्या आदिमुळांतली मधली जलवाहिनी ६५ मायक्रॉनवरून ५५ च्या खाली आणली होती. नळीच बारीक, म्हणजे झाड सुरुवातीला पाणी सावकाश ओढतं. कोरड्या जागी उतारा ३ ते ११ टक्के वाढला आणि ओल्या वर्षी तोटा झाला नाही. त्याच देशात दर थेंबामागे जास्त कार्बन पकडणारा 'ड्रायस्डेल' हा वाण २००२ मध्ये आला. निवड केली ती पानातल्या कार्बनच्या दोन समस्थानिकांच्या प्रमाणावरून. असे गुण दहा-पंधरा टक्क्यांच्या आत खेळतात. खरी प्रगती अशीच दिसते, आणि 'पाण्याविना पीक' म्हणणाऱ्या जाहिरातीपेक्षा मला ती कितीतरी विश्वासार्ह वाटते.

बाहेरून घातलेल्या जनुकांचं काय, हेही विचारलं जाईल. सूर्यफुलाचं एचबी४ जनुक घातलेल्या गव्हाला अर्जेंटिनाने २०२० मध्ये मंजुरी दिली. जीवाणूचं सीएसपीबी जनुक असलेला मका अमेरिकेत २०११ मध्ये लागवडीसाठी मोकळा झाला. भारतात २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दोन जीनोम-संपादित भातांपैकी पुसा डीएसटी राइस १ मध्ये बाहेरचं जनुक न घालता एमटीयू १०१० या मूळ वाणाचंच एक जनुक बंद केलं आहे. भारतातल्या शेतकऱ्याच्या शेतात पेरायला असा जनुक घातलेला गहू मंजूर नाही. तेव्हा दुकानात कुणी 'दुष्काळाचं जनुक असलेला गहू' विकत असेल, तर त्याच्याकडून पिशवीवरचं वाणाचं नाव आणि प्रमाणपत्राची खूणचिठ्ठी मागा, आणि तो वाण कोणत्या परिस्थितीसाठी प्रसारित झाला ते बघा. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचे वाण एचआय या अक्षरांनी ओळखू येतात. ८ ने सुरू होणारे चार आकडी क्रमांक कठियाचे. एचआय ८७५९ म्हणजे पुसा तेजस, किंवा एचआय १५४४ म्हणजे पूर्णा, हे उत्तम वाण आहेत, पण पूर्ण पाण्याचे. एक-दोन पाण्याच्या घराला एचआय १५०० अमृता, एचआय १५३१ हर्षिता, कठियात एचआय ८६२७ मालवकीर्ती अशा वंशातून निवड करावी. याच परिस्थितीसाठी पुढे निघालेले नवे वाण केंद्रात विचारले की कळतात. पूर्ण पाण्याचा वाण एका पाण्यावर घेऊन तो फसला की लोक बियाण्याला दोष देतात. बियाणं बिचारं ज्या मातीसाठी-पाण्यासाठी जन्मलं, तिथे गेलेलंच नसतं.

पाण्याच्या वेळेबद्दल थोडंच. पलेवा करून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं असेल आणि एकच पाणी हाती असेल, तर खोल काळ्या जमिनीत ते ३५ ते ४० दिवसांनी द्या. दुसरं असेल तर ७० दिवसांच्या पुढे, पोटरी-निसवणीच्या सुमाराला. विसाव्या दिवशी घाई करू नका, वरची ओल टिकलेली असते आणि तेव्हा दिलेलं पाणी मुळांना वरच थांबायची सवय लावतं. हलक्या, मुरमाड जमिनीला हा सल्ला लागू नाही. तिथे पाणी थांबतच नाही, म्हणून मुकुटमुळं फुटताना, म्हणजे एकविसाव्या दिवसाच्या आसपास, पाणी द्यावंच लागतं. बियाणं दाट टाकू नका. पाणी कमी असताना दाट पेरा म्हणजे जानेवारीतच कणगी रिकामी. जमिनीला भेगा पडू लागल्या की ओळींमधून हलकी कोळपणी करा. भेग ही खोलवरची ओल बाहेर टाकणारं धुराडंच असते.

आता वाण निवडायचा, त्याच्या आधी एक काम करा. या वर्षीचा गहू कापला, की त्याच दिवशी शेतात तीन जागी पाच फूट खोल गिरमिट उतरवा. फुटा-फुटावरची माती वेगळ्या ढिगात ठेवा आणि प्रत्येक ढीग मुठीत दाबून बघा. चौथ्या-पाचव्या फुटाच्या मातीचा लाडू वळत असेल, तर तुमच्या शेतात पाणी शिल्लक राहतं आणि पीक त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुम्हाला खोल मुळांचा, थोडा सावकाश वाढणारा कठिया हवा, आणि तो ११५ ते १२० दिवसांचा असला तरी चालेल. पाचही फूट माती भुगा होऊन बोटांतून सांडत असेल, तर साठा आधीच संपतो. मग दहा दिवस लवकर निसवणारा वाण घ्या, बियाणं हेक्टरी थोडं कमी करा, आणि जुना दाट पेरा सोडा. माती कोणत्या ढिगाची कशी निघाली ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या दोन वर्षांत तोच कागद हातात घेऊन वाण बदलायचा की नाही ते ठरवा.